‘किंगडम ऑफ हेवन’ इतिहासाच्या सोबतीने कसा पाहावा

रिडली स्कॉट यांचा ‘किंगडम ऑफ हेवन’ हा चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला. बाराव्या शतकातील जेरुसलेमचे ख्रिस्ती राज्य, त्याचा कुष्ठरोगी राजा चौथा बॉल्डविन, त्याच्यासमोर उभा ठाकलेला सुलतान सलाहुद्दीन आणि ११८७ साली त्या नगराचा झालेला पाडाव हा त्याचा विषय आहे. भव्य ऐतिहासिक चित्रपट पाहताना प्रेक्षक सहसा दोन टोकांना जातो. एक तर पडद्यावरचे सगळे घडलेच असे तो धरून चालतो, नाही तर दोन चुका हाती लागताच सगळेच थोतांड म्हणून मोकळा होतो. या चित्रपटाच्या बाबतीत ही दोन्ही टोके विशेष नुकसानीची आहेत, कारण यात अस्सल आणि बनावट यांची वीण फार घट्ट आहे. काही सर्वांत अविश्वसनीय वाटणारे प्रसंग समकालीन लेखकांनी नोंदवलेले आहेत आणि काही अगदी साधे, स्वाभाविक वाटणारे तपशील पूर्णपणे रचलेले आहेत. म्हणून पटकथाकाराने इतिहासात नेमका कोठे हात घातला आणि तसे करून त्याला काय साधायचे होते, हे प्रत्येक वळणावर विचारावे. पुढील सूचना त्याच बेताने दिल्या आहेत. त्यांत कथानक शेवटपर्यंत उघड केलेले असल्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो एकदा पाहून मग येथे परतणे बरे.

कोणती आवृत्ती घ्यावी

हा निर्णय सर्वांत सोपा आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्रपटगृहांत झळकलेली आवृत्ती १४४ मिनिटांची होती. नंतर आलेली दिग्दर्शकाची आवृत्ती १९४ मिनिटांची आहे. एरवी अशा लांबवलेल्या आवृत्त्यांत गाळलेले तुकडे परत चिकटवण्यापलीकडे फारसे काही नसते, पण येथे पन्नास मिनिटांच्या कात्रीत एक संपूर्ण पात्रच नाहीसे झाले होते. राजकन्या सिबिलाचा लहान मुलगा, म्हणजे पुढे पाचवा बॉल्डविन म्हणून गादीवर बसलेला बालराजा, छोट्या आवृत्तीत नाहीच. तो नसल्यामुळे सिबिला अचानक खचलेली, केस कापून आरशासमोर बसलेली दिसते आणि तिला काय झाले हे प्रेक्षकाला उमगत नाही. त्याचप्रमाणे सुरुवातीला नायकाशी वैर धरणारा धर्मगुरू हा त्याचाच भाऊ आहे, हे मोठ्या आवृत्तीतच स्पष्ट होते. तेव्हा छोटी आवृत्ती शोधत बसूच नये.

सव्वातीन तास एका बैठकीत सोसत नसतील तर केरकच्या किल्ल्यासमोरचा प्रसंग संपून राजा अंथरुणाला खिळतो तेथे थांबावे आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहावा. कथेचा पहिला श्वास तेथे पुरा होतो. इंग्रजी संवाद समजत असले तरी उपशीर्षके चालू ठेवावीत, कारण नावांचा गोंधळ हाच या चित्रपटातला पहिला अडथळा आहे. हाणामारी रक्ताळलेली आहे. लहान मुलांना सोबत बसवू नये.

पाहण्यापूर्वी काय माहीत असावे

फार वाचन करून बसण्याची गरज नाही, परंतु काही सांधे ठाऊक असल्यास कथा निम्मी सोपी होते. पोप दुसरा अर्बन याने नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पूर्वेकडील मोहिमेची हाक दिली. १५ जुलै १०९९ रोजी पश्चिम युरोपातून आलेल्या फौजांनी जेरुसलेम घेतले आणि नगरातील मुसलमान व ज्यू रहिवाशांची मोठी कत्तल केली. या मोहिमेतून सिरिया-पॅलेस्टाइन व त्याच्या आसपासच्या प्रदेशात चार लॅटिन (म्हणजे पोपला मानणाऱ्या) ख्रिस्ती लोकांची राज्ये उभी राहिली. त्यांपैकी एडेसा ११४४ साली मोसूलचा शासक झंगी याने जिंकले, आणि ते परत मिळवण्यासाठी निघालेली दुसरी मोहीम फसली. चित्रपट सुरू होतो तो ११८४ साली, म्हणजे ज्या लोकांनी नगर जिंकले त्यांची नातवंडे-पतवंडे तेथे राज्य करीत असताना. ही मंडळी युरोपातून कालपरवा आलेली नव्हती. ती तेथेच जन्मली होती, शेजारच्या मुसलमान अमीरांशी तह करीत होती, तह मोडीत होती आणि व्यापारही करीत होती.

पलीकडच्या बाजूचा सलाहुद्दीन हा तिक्रीत येथे जन्मलेला कुर्द सरदार. सिरियाचा शासक नूरुद्दीन याच्या सैन्यातून तो इजिप्तमध्ये गेला, ११६९ साली तेथील वजीर झाला आणि ११७१ साली त्याने फातिमी खिलाफत, म्हणजे तेथील शिया राजवट, संपुष्टात आणली. धन्याच्या मृत्यूनंतर ११७४ मध्ये त्याने दमास्कस ताब्यात घेतले, आणि पुढची सुमारे बारा वर्षे त्याची बहुतेक शक्ती अलेप्पो व मोसूल येथील मुसलमान प्रतिस्पर्ध्यांना नमवण्यातच गेली. ही बारा वर्षे चित्रपटात नाहीत. ती मनात ठेवून पाहिले की तंबूत मुल्ला सुलतानाला युद्धासाठी डिवचतो आणि सुलतान संयमाने उत्तर देतो, त्या प्रसंगाचा रंग बदलतो. आपल्याच धर्मबांधवांविरुद्ध केलेल्या लढायांचे समर्थन सलाहुद्दीन याच आधारावर करीत होता की जेरुसलेम सोडवण्यासाठी एकी हवी. युद्धाचा आग्रह दुसऱ्याचा आणि संयम त्याचा, अशी वाटणी इतिहासात करता येत नाही.

नात्यांचा एक छोटा वंशवृक्ष कागदावर काढून जवळ ठेवावा. राजा अमाल्रिक ११७४ साली वारला. त्याला पहिल्या पत्नीपासून बॉल्डविन आणि सिबिला ही मुले होती, आणि दुसरी पत्नी मारिया कोम्नेना हिच्यापासून इसाबेला ही मुलगी. सिबिलाचा पहिला नवरा ११७७ मध्ये मरण पावला. त्याच्यापासून झालेला मुलगा म्हणजे पाचवा बॉल्डविन. ११८० साली तिने गी द लुसिन्याँ याच्याशी दुसरे लग्न केले. आता या कागदावर चित्रपटाच्या नायकाला, इबेलिनच्या बेलियनला, कोठे बसवायचे? खरा बेलियन मारिया कोम्नेनाचा दुसरा नवरा होता. म्हणजे नात्याने तो सिबिलाच्या सावत्र आईचा पती लागत होता. येथूनच पहिल्या मोठ्या फेरफाराकडे वळावे.

नायक कोठून आला

चित्रपटातला बेलियन हा फ्रान्समधील खेड्यातला लोहार आहे, अनौरस आहे, पत्नीच्या आत्महत्येने उद्ध्वस्त झाला आहे आणि वडील अचानक भेटल्यामुळे पवित्र भूमीकडे निघतो. ऐतिहासिक बेलियन फ्रान्सहून आलेला नव्हता, लोहार नव्हता आणि अनौरसही नव्हता. त्याच्या वडिलांचे नाव बॅरिसान. चित्रपटातला गॉडफ्री हे कल्पित पात्र आहे. ११८७ साली बेलियन चाळिशीच्या पुढचा, बायकामुलांचा धनी, नाब्लुसची जहागीर सांभाळणारा मुरब्बी दरबारी होता. इबेलिन म्हणून पडद्यावर जे धुळीचे ओसाड गाव दिसते, ज्यात नायक विहीर खणून पाणी आणतो, ते खरे तर किनाऱ्याजवळच्या सुपीक पट्ट्यात होते. आजच्या इस्राएलमधील यावने म्हणजे तीच जागा. चित्रीकरण मोरोक्कोतील वारझाझात परिसरात झाले आणि जेरुसलेमचा तट तेथेच उभारला गेला, तेव्हा वाळवंट अपरिहार्यच होते.

हे बदल केवळ सोयीचे नाहीत. बाहेरून आलेला, कोणत्याच पक्षाचा नसलेला नायक घेतला की प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी नवे जग पाहू शकतो. हा पटकथेचा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट हरवते. स्थानिक सरदार घराण्यांचे आपापसातले राजकारण हेच त्या राज्याच्या नाशाचे एक मोठे कारण होते आणि बेलियन त्या राजकारणात आकंठ बुडालेला होता. सावत्र मुलगी इसाबेला हिच्यामुळे वारसाहक्काच्या भांडणात त्याचे हितसंबंध थेट गुंतलेले होते. चित्रपटात तो या भांडणापासून अलिप्त, विवेकी राहतो, कारण पटकथेने त्याला त्यातून उचलून बाहेर ठेवले आहे.

सिबिला आणि बेलियन यांचे प्रेमप्रकरण हा असाच एक कलम केलेला भाग आहे, पण कलमाची फांदी कोठली हे शोधणे मोठे रंजक आहे. बेलियनचा थोरला भाऊ, रामल्याचा बॉल्डविन, याला सिबिलाशी लग्न करण्याची आशा होती अशी कथा एर्नूलच्या नावाने चालत आलेल्या बखरीत आहे. हा एर्नूल बेलियनचाच शागीर्द होता. मराठी वाचकाला येथे फार समजवावे लागू नये. एखाद्या घराण्याच्या आश्रिताने लिहिलेली बखर आपण कशी वाचतो, तशीच ही वाचावी: तपशील घ्यावेत, धन्याची स्तुती तेवढी चाळून घ्यावी. बेलियन आज चित्रपटाचा नायक होऊ शकला याचे बरेचसे श्रेय त्याच्या शागिर्दाच्या लेखणीला जाते, आणि गी द लुसिन्याँ खलनायक ठरला याचेही. प्रत्यक्षात सिबिला गीशी एकनिष्ठ राहिली. ११८६ साली मुलाच्या मृत्यूनंतर तिला राणी करताना सरदारांनी गीला सोडण्याची अट घातली होती. तिने ती मान्य केली, स्वतः मुकुट घेतला आणि मग आपल्या पसंतीचा नवरा म्हणून गीच्याच डोक्यावर मुकुट ठेवला. इतका नाट्यमय प्रसंग हाताशी असताना तो बाजूला ठेवला गेला, कारण तो घेतला असता तर सिबिलाचे प्रेम नायकाकडे वळवता आले नसते. माझ्या मते चित्रपटाने गमावलेला सर्वांत चांगला प्रसंग हाच.

मोठ्या आवृत्तीत सिबिला आपल्या मुलालाही कुष्ठरोग झाल्याचे कळल्यावर त्याच्या कानात विष ओतते. पाचवा बॉल्डविन साधारण आठ-नऊ वर्षांचा असताना वारला एवढे खरे. त्याला कुष्ठरोग होता किंवा आईने त्याला मारले याला आधार नाही.

मुखवट्यामागचा राजा

चौथ्या बॉल्डविनच्या प्रसंगांसाठी चित्रपट थांबवून थांबवून पाहावा. एडवर्ड नॉर्टन या अभिनेत्याने संपूर्ण भूमिका चेहरा न दाखवता केली आहे, आणि तरीही चित्रपटातले सर्वांत ठळक पात्र तेच झाले आहे. येथे अस्सल काय ते आधी सांगतो. राजपुत्र नऊ वर्षांचा असताना खेळात मुले एकमेकांच्या हाताला चिमटे घेत, नखे रुतवत. बाकीची ओरडत आणि बॉल्डविन शांत राहत असे. हे त्याचे गुरू, पुढे टायरचे आर्चबिशप झालेले विल्यम, यांच्या लक्षात आले आणि चौकशी करता उजवा हात बधिर असल्याचे आढळले. ही हकीकत विल्यम यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वयाच्या तेराव्या वर्षी तो गादीवर आला, आणि २५ नोव्हेंबर ११७७ रोजी, सोळाव्या वर्षी, माँगिसार येथे त्याच्या फौजेने सलाहुद्दीनचा पराभव केला. चित्रपटात या विजयाचा फक्त उल्लेख येतो.

चांदीचा मुखवटा मात्र कोणत्याही समकालीन लेखनात नाही. उलट, अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी गेली होती, हातापायांनी साथ सोडली होती आणि त्याला पालखीसारख्या वाहनातून न्यावे लागत होते. केरकचा प्रसंग पाहताना हे आठवावे. पडद्यावर तो घोड्यावर बसून सुलतानासमोर जातो. ११८३ च्या हिवाळ्यात खरा राजा आडवा पडलेल्या अवस्थेत सैन्यासोबत निघाला होता आणि तो जवळ येत असल्याचे कळल्यावर सलाहुद्दीनने वेढा उठवला. दोघांची भेट झाली नाही. नायकाने गावकऱ्यांना वाचवण्यासाठी केलेला घोडदळाचा हल्लाही घडला नाही. त्याऐवजी किल्ल्यात त्या वेळी एक लग्न चालू होते: अकरा वर्षांची इसाबेला आणि हंफ्री यांचे. वराच्या आईने मेजवानीतील पदार्थ सुलतानाकडे पाठवले आणि त्याने नवदांपत्य ज्या बुरुजात आहे त्यावर दगड न फेकण्याचा हुकूम दिला, असे एर्नूलच्या बखरीत येते. वेढा मात्र चालूच राहिला. शिष्टाचार पाळत तोफखान्याऐवजी दगडफेकीची यंत्रे चालवणारे हे जग समजून घेण्यासाठी ती हकीकत चित्रपटातल्या हल्ल्यापेक्षा जास्त बोलकी आहे.

पोशाख आणि क्रूस

टेम्पलर आणि हॉस्पिटलर या लढवय्या संन्याशांच्या दोन संघटना होत्या. त्यांचे सदस्य ब्रह्मचर्याची शपथ घेत. म्हणून गी आणि रेनॉ द शातियाँ यांना टेम्पलरांच्या गोटात, त्यांच्यासारख्या वेषात वावरताना पाहिले की ती जोडणी रचलेली आहे असे समजावे: दोघेही विवाहित जहागीरदार होते. रेनॉबद्दल चित्रपटाने अतिशयोक्ती केली असे वाटणाऱ्यांनी त्याचे खरे चरित्र पाहावे. अलेप्पोच्या कैदेत त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली, सुटल्यावर लग्नामुळे केरक मिळवले, ११८२-८३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजे सोडून मक्का-मदिना ज्या प्रदेशात आहेत त्या हेजाझच्या किनाऱ्यापर्यंत लूटमार केली आणि तह चालू असताना काफिला लुटला. त्या काफिल्यात सुलतानाची बहीण होती व ती मारली गेली, हा तपशील मात्र नंतरच्या आख्यायिकेतून आला आहे.

जेरेमी आयर्न्स यांनी साकारलेला टायबेरिअस म्हणजे त्रिपोलीचा काउंट तिसरा रेमंड. चित्रपटात तो शहाणा, थकलेला, सरळ माणूस आहे. इतिहासातल्या रेमंडने गीशी वैर असल्यामुळे सलाहुद्दीनशी स्वतंत्र तह केला होता आणि त्याच्या सैन्याला आपल्या मुलखातून जाऊ दिले होते. त्यातून १ मे ११८७ रोजी क्रेसाँच्या झऱ्यांजवळ टेम्पलर आणि हॉस्पिटलर यांची तुकडी कापली गेली. पडद्यावर तो अखेरीस सायप्रसला निघून जातो. प्रत्यक्षात तो हत्तीनमधून निसटला आणि त्याच वर्षी त्रिपोलीत वारला. सायप्रस मिळाले ते काही वर्षांनी, आणि तेही गीला.

हत्तीन

येथे दिग्दर्शकाने एक धाडसी निर्णय घेतला आहे. ज्या लढाईने राज्य बुडाले ती लढाई तो जवळजवळ दाखवतच नाही. तहानेने डुलत चाललेले सैन्य आणि नंतर प्रेतांनी भरलेले मैदान एवढेच दिसते. युद्धपटाची आवड असलेल्या प्रेक्षकाला हे अपुरे वाटेल, पण इतिहासाच्या दृष्टीने ही निवड चांगली आहे, कारण हत्तीनचा निकाल पहिला वार पडण्याआधीच पाण्याने लावला होता. सलाहुद्दीनने तिबेरियासला वेढा घातला. आत रेमंडची पत्नी होती. तरीही रेमंडनेच सफूरियाच्या झऱ्यांपासून हलू नये असा सल्ला दिला. टेम्पलरांचा प्रमुख जेरार द रिदफोर याने रात्री राजाचे मन फिरवले आणि ३ जुलै ११८७ रोजी ऐन उन्हाळ्यात सुमारे वीस हजारांची फौज कोरड्या पठारावरून निघाली. रात्र पाण्याविना काढावी लागली. सलाहुद्दीनच्या लोकांनी वाळलेले गवत पेटवून धूर सोडला. ४ जुलैला सारे संपले.

त्यानंतरचा तंबूतला प्रसंग अनेकांना नाटकी वाटतो. तो बव्हंशी खरा आहे. सुलतानाने बर्फाने गार केलेले पेय राजा गीला दिले, गीने ते रेनॉपुढे केले, तेव्हा हे पाणी मी त्याला दिलेले नाही असे सुलतानाने बजावले. पाहुणचाराचे पाणी प्यालेल्या कैद्याला अभय मिळते हा संकेत त्यामागे होता. मग त्याने स्वतः रेनॉवर तलवार चालवली. सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन आणि नंतर त्याचे चरित्र लिहिणारा बहाउद्दीन इब्न शद्दाद या दोघांच्याही लेखनात हा प्रसंग आहे. चित्रपटाने जे घेतले नाही ते असे: दोन दिवसांनी पकडलेल्या दोनशेहून अधिक टेम्पलर आणि हॉस्पिटलर कैद्यांचा शिरच्छेद करण्यात आला, आणि तो इमादुद्दीनने आनंदाने वर्णिला आहे. उदार सुलतानाच्या चित्रात हे दृश्य बसले नसते.

जेरुसलेमचा वेढा: येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

शेवटचा तास दोनदा पाहावा, एकदा सलग आणि एकदा थांबवत. पहिल्या खेपेस हालते मनोरे, तेलाची आग, रात्रीचे अग्निगोळे यांचा परिणाम घ्यावा; तो जबरदस्त आहे. दुसऱ्या खेपेस पुढील गोष्टी तपासाव्यात.

बेलियन नगरात कसा आला? खरा बेलियन हत्तीनमधून निसटून टायरला पोहोचला होता. पत्नी मारिया जेरुसलेममध्ये अडकलेली असल्याने तिला आणण्यासाठी त्याने चक्क सलाहुद्दीनची परवानगी मागितली. एकच रात्र राहीन आणि शस्त्र धरणार नाही अशी शपथ घेऊन तो आत गेला. नगरवासीयांनी त्याला अडवले. त्याने सुलतानाला पत्र लिहून आपली अडचण कळवली, आणि सुलतानाने त्याला शपथेतून मोकळे केले, शिवाय मारियाला सुखरूप त्रिपोलीकडे पोहोचवण्यासाठी पहारा दिला. शत्रूच्या बायकोला वाट करून देऊन मग शत्रूवर चाल करणारा हा सेनापती कोणत्याही पटकथाकाराला सुचला नसता. आणि नेमका हाच भाग चित्रपटात नाही, कारण तेथे बेलियनची पत्नी पहिल्या दृश्याच्याही आधीच वारलेली आहे.

सामान्य माणसांना सरदारकी देण्याचा प्रसंग खरा आहे, फक्त आटोपशीर प्रमाणात. नगरात लढवय्ये सरदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, म्हणून बेलियनने सोळा वर्षांवरील सरदारपुत्र आणि काही प्रतिष्ठित नागरिक मिळून साठेक जणांना ही दीक्षा दिली. पडद्यावर ती एकाच हाकेत सगळ्या जमावाला मिळते. वेढा २० सप्टेंबर ११८७ रोजी सुरू झाला. हालत्या मनोऱ्यांपेक्षा निर्णायक ठरले ते तटाखाली सुरुंग खणणारे कामगार. २९ सप्टेंबरला उत्तरेकडच्या तटाला खिंडार पडले, आणि खिंडारातली झुंज चित्रपटाने चांगली पकडली आहे.

यानंतर वाटाघाटी येतात, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या चित्रपटाची कसोटी येथेच लागते. पडद्यावर बेलियन सुलतानाला सांगतो की नगर देण्याआधी मी इथली सर्व पवित्र स्थळे, तुमची आणि आमची, जमीनदोस्त करीन, कारण त्यांनीच माणसे वेडी होतात. सुलतान क्षणभर विचार करतो आणि सर्वांना सुरक्षित जाऊ देण्याचे मान्य करतो. इब्न अल-असीर या समकालीन इतिहासकाराने दिलेली धमकी अशी आहे: आम्ही आमच्या बायकामुलांना ठार करू, मालमत्ता जाळू, घुमटाची वास्तू (डोम ऑफ द रॉक) आणि अल-अक्सा मशीद उद्ध्वस्त करू, आमच्या ताब्यातील पाच हजार मुसलमान कैद्यांना मारू, आणि मग लढून मरू. चित्रपटाने यातून दगडमातीची धमकी ठेवली आणि माणसांची काढून टाकली. या गाळणीने नायक धर्मवेडापासून मुक्त असा विचारवंत झाला. खरा बेलियन हताश, कठोर आणि हिशेबी होता, आणि त्या हिशेबानेच हजारो जीव वाचले.

दुसरी गाळणी सुलतानाच्या बाजूची आहे. सगळ्यांना फुकट सोडले नव्हते. पुरुषास दहा दिनार, स्त्रीस पाच, मुलास एक की दोन याबद्दल बखरींत फरक आहे, असा सुटकेचा दर ठरला आणि भरण्यासाठी चाळीस दिवसांची मुदत मिळाली. गरिबांपैकी सात हजारांची सुटका एकरकमी तीस हजारांवर झाली. सलाहुद्दीनच्या भावाने, अल-आदिलने, हजार कैदी मागून घेतले आणि सोडून दिले. सुलतानाने स्वतः म्हाताऱ्यांना मोकळे केले, विधवांना पैसे दिले. पॅट्रिआर्क, म्हणजे जेरुसलेमचा मुख्य धर्मगुरू, हेराक्लिअस स्वतःचे दहा दिनार भरून चर्चची संपत्ती गाड्यांवर लादून बाहेर पडला तेव्हा इमादुद्दीन चिडला, पण सुलतानाने तह मोडण्यास नकार दिला. आणि तरीही, ज्यांच्यासाठी कोणी पैसे भरले नाहीत अशी हजारो माणसे गुलामीत गेली. १०९९ च्या कत्तलीशी तुलना करता हा तह निःसंशय सौम्य होता. मुक्तीचा सोहळा मात्र नव्हता. दोन्ही वाक्ये एकत्र धरता आली की हा चित्रपट नीट पाहिला असे समजावे.

नगरात शिरल्यावर सलाहुद्दीन जमिनीवर पडलेला क्रूस उचलून मेजावर नीट ठेवतो, हे दृश्य फार गाजले. इतिहासात, घुमटाच्या शिखरावर बसवलेला सोनेरी क्रूस त्याच्या माणसांनी खाली पाडला, आणि तो पडताच एका बाजूने हर्षाचा व दुसऱ्या बाजूने शोकाचा कल्लोळ उठल्याचे इब्न अल-असीर सांगतो. नगर ताब्यात घेण्यासाठी २ ऑक्टोबर हा दिवस आला, तो हिजरी पंचांगातील २७ रजब, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गारोहणाची तिथी. नूरुद्दीनने आधीच घडवून ठेवलेला लाकडी मिंबर (मशिदीतील प्रवचनाचे व्यासपीठ) अलेप्पोहून आणून अल-अक्सामध्ये बसवला गेला. प्रतीकांना किती अर्थ होता हे यावरून दिसते. चित्रपटातली शहाणी माणसे, मग ती कोणत्याही धर्माची असोत, धर्माकडे थोडी लांबून पाहतात आणि कडवी माणसे तेवढी श्रद्धाळू असतात. बाराव्या शतकात ही विभागणी नव्हती. तह पाळणारा आणि तलवार चालवणारा सलाहुद्दीन एकाच श्रद्धेने दोन्ही करीत होता. ही विभागणी २००५ सालची आहे. इराकचे युद्ध चालू असताना, पूर्व आणि पश्चिम यांच्या संघर्षाची भाषा रोज कानावर पडत असताना बनलेल्या चित्रपटाची ती गरज होती, आणि तसा तो आपल्या काळाचा चांगला दस्तऐवज आहे.

पाहून झाल्यावर

सहजीवनाचे चित्र चित्रपटाने अगदीच हवेतून उचललेले नाही. शैझरचा अमीर उसामा इब्न मुंकिझ याने आठवणींत लिहिले आहे की जेरुसलेममधील टेम्पलर स्नेही त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत, आणि युरोपातून नुकताच आलेला एक जण त्याचे तोंड जबरदस्तीने पूर्वेकडे वळवू लागला तेव्हा त्या टेम्पलरांनी त्याला हाकलून माफी मागितली. नवखे कडवे आणि मुरलेले समंजस, हा धागा पटकथेत आहेच. मात्र स्थानिक पूर्वेकडील ख्रिस्ती आणि ज्यू पडद्यावर जवळजवळ दिसत नाहीत. लॅटिन ख्रिस्ती निघून गेल्यावर तेच ख्रिस्ती कर भरून नगरात राहिले आणि ज्यूंना पुन्हा वस्तीची मुभा मिळाली. भारतीय वाचकासाठी एक नोंद: नगर परत मुसलमानांकडे आल्यानंतर काही वर्षांत पंजाबचे सूफी संत बाबा फरीद तेथे राहून गेले अशी परंपरा आहे, आणि हेरोदच्या दरवाजाजवळची भारतीय धर्मशाळा त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते.

अखेरच्या दृश्यात बेलियन आणि सिबिला फ्रान्सला परततात आणि मोहिमेवर निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड त्यांच्या गावी येऊन भेटतो. सिबिला ११९० साली अक्काच्या वेढ्यासमोरच्या छावणीत वारली. बेलियन पूर्वेतच राहिला, आणि २ सप्टेंबर ११९२ रोजी रिचर्ड व सलाहुद्दीन यांच्यात झालेल्या तहाच्या वाटाघाटींत त्याचा भाग होता; त्या तहाने जेरुसलेम सुलतानाकडे राहिले आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मोकळी झाली.

त्यापुढचा चित्रपट हवा असेल तर इजिप्तचे दिग्दर्शक यूसुफ शाहीन यांचा १९६३ सालचा सलाहुद्दीनवरील अरबी चित्रपट निवडावा. त्यात तोच हत्तीन, तोच रेनॉ आणि तोच रिचर्ड इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळातील अरब राष्ट्रवादाच्या नजरेने येतात, आणि कुर्द सुलतान अरबांचा नेता होऊन बोलतो. तो पाहतानाही वहीत दोनच रकाने पुरे आहेत: काय बदलले, आणि ते बदलल्याने कोणाचे काम झाले.